'सा'तला सांधा

काकांच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी रेकॉर्डवरच्या बाईंनी सा लावला आणि त्यातला 'स' उजवीकडून आला. 'आ' मात्र नेहमीच्या जागी होता, दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, भिंतीच्या जरा आत. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाचा हा प्रकार. सूर स्थिरावला तोवर बाई तानपुऱ्यांच्या मधे नीट बसलेल्या होत्या, पण तिथे आल्या त्या उजव्या भिंतीकडून. मग ते थांबेचना. बंदिशीत 'स' आला, 'श' आला, 'च' आला की तेवढं अक्षर उजवीकडे पळायचं आणि पाठोपाठचा स्वर परत मधे यायचा. मी काकांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. "तुलाही येतंय ना ऐकू?" ते म्हणाले. "मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो गं. म्हटलं, डावा कान गेला माझा."

कान शाबूत होता. ॲम्प्लिफायरच्या मागे तारांची अदलाबदल करून पाहिली, डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. 'स' उजवीकडेच राहिला. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष, दुखणं डाव्या स्पीकरचं. काकांनी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून घेतलेली ही जोडी. त्या पैशांत पुण्यात बरी मोटार आली असती. अक्रोडाचा पापुद्रा, आरशासारखं पॉलिश, आणि एकेक खोकं इतकं जड की दोघांनी मिळून सरकवावं लागतं. त्यामुळे खोकं दुकानात नेण्याऐवजी तपकीर गल्लीतले, इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या बाजारातले, एक जुने मेकॅनिक घरी आले. त्यांनी सतरंजीवर स्पीकर अलगद आडवा केला, मागच्या पट्टीचे स्क्रू सोडवले, पांढरा कापूस बाजूला सारला आणि तळहाताहून जरा मोठा एक हिरवा बोर्ड बाहेर ओढला. तांब्याच्या तीन-चार गुंडाळ्या, खडूसारखे पांढरे रेझिस्टर, प्लॅस्टिकच्या वेष्टनातले काही कपॅसिटर. काका वाकून बघत राहिले.

"एवढंच?"

हा शब्द मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला. त्यात राग होता, आणि आपल्याला कुणीतरी गुंडाळलं या भावनेतून येणारी शरमही होती. काका शरमेनं माझ्याकडे बघत नव्हते. मला मात्र तो बोर्ड सोडवेना. क्रॉसओव्हर म्हणतात त्याला. वरचे सूर ट्वीटरकडे, म्हणजे लहान घुमटाकडे, आणि खालचे वूफरकडे, म्हणजे मोठ्या शंकूकडे, वाटून देतो तो. महागड्या स्पीकरच्या जाहिरातीत खोक्याच्या लाकडावर लिहितात, ट्वीटरच्या घुमटावर लिहितात, चुंबकाच्या वजनावर लिहितात. हा बोर्ड फोटोत नसतो. तो कापसाच्या मागे असतो, आणि घेणाऱ्यानं तो आयुष्यात एकदाही बघू नये अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. आणि तरीही बाईंचा सा अखंड येणार की दोन तुकड्यांत, हे तोच ठरवतो.

कारण सा मुळातच दोन जागी राहतो. 'स' ही श्वासाची सरसर, तिची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर. 'आ'चा देह त्याच्या खाली, जवळजवळ सगळा ३०००च्या आत. आणि बहुतेक दुहेरी स्पीकर आवाजाची वाटणी करतात ती २००० ते ३०००च्या आसपास. म्हणजे सुरी फिरते ती नेमकी या अक्षराच्या सांध्यावरून. 'स' येतो अंगठ्याएवढ्या रेशमी घुमटातून, 'आ' येतो त्याच्या खालच्या वीतभर शंकूतून. दोघांचं वजन वेगळं, वस्तू वेगळी, हवा ढकलायची पद्धत वेगळी. एकाच गळ्यातून आलेलं अक्षर या दोन परक्या शरीरांतून बाहेर पडतं आणि ऐकणाऱ्याला त्याचा संशयसुद्धा येता कामा नये. तानपुरा तर याहून कठीण. काळी एकचा सा धरला तर मूळ स्वर १३९ हर्ट्झच्या आसपास, पण जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, नीट लागलेली असेल तर त्यातून उपस्वरांची जी शिडी वर चढत जाते, तिची बाविसावी पायरी ३०००च्या वर असते, आणि तीही झगमगत असते. सांधा वाईट असला की ही शिडी मधेच तुटते. खाली घुमारा राहतो, वर झणझण राहते, आणि मधल्या दोन-तीन पायऱ्या गायब. काय बिघडलं ते पटकन सांगता येत नाही. फक्त दहा मिनिटांत दमायला होतं आणि आवाज कमी करावासा वाटतो.

कागदावर ही वाटणी सोपी आहे. कपॅसिटर वरचे स्वर जाऊ देतो, कॉइल खालचे जाऊ देते, रेझिस्टर जोर कमी करतो. ८ ओहमच्या स्पीकरला ३००० हर्ट्झवर तोडायचं तर साधारण ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. कॅल्क्युलेटर असलेला कुणीही हे आकडे मिनिटभरात काढेल. पण ८ ओहमचा स्पीकर ही कागदावरची गोष्ट. खरा वूफर एका सुरावर ६ ओहम असतो, दुसऱ्यावर ३०, आणि वर जाताना त्याच्या वेटोळ्यामुळे हळूहळू चढत जातो. शंकू कुठेतरी स्वतःच थरथरतो, तिथे आवाज फुगतो. खोक्याची पुढची फळी खालच्या सुरांना पुरत नाही, ते मागे वळून जातात आणि समोर पातळ होतात. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा मोठ्यानं बोलतो, त्याला आवरावं लागतं. पुस्तकातलं सूत्र इथे संपतं. पुढे जे काही आहे ते मोजणं, ऐकणं, एक भाग बदलणं आणि पुन्हा मोजणं.

लंडनला मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे मी पहिल्यांदा एलएस ३/५ए हा स्पीकर ऐकला. पुस्तकांच्या फळीवर ठेवलेली दोन लहान खोकी, जेमतेम ३० सेंटीमीटर उंच. त्यांनी आधी रेडिओवरचं बोलणं लावलं, नुसतं बोलणं, आणि मला का लावलं ते लगेच कळलं. बोलणारा माणूस फळीच्या मागे उभा होता. त्याचे दात, ओठ, छाती सगळं एकाच जागी. मग मी माझ्याजवळचं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावायला दिलं. खर्ज अर्थातच बारीक, एवढ्या खोक्यातून किती येणार, पण उपस्वरांची शिडी शेवटपर्यंत अखंड. कुठे तुटते ते शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडलं नाही.

हा स्पीकर बीबीसीनं १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवला. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी ज्या गाड्या जायच्या त्यांत मोठा स्पीकर मावत नसे. त्याच्या मुळाशी आणखी एक सुंदर गोष्ट आहे. स्टुडिओच्या एक अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती करून त्यांत ध्वनीचे प्रयोग करायचे, म्हणून बीबीसीच्या संशोधन विभागाला एक चिमुकला पण सच्चा स्पीकर हवा होता. त्यातून हा निघाला. त्याचा अहवाल १९७६ साली प्रसिद्ध झाला, हारवुड, व्हॉटन आणि मिल्स अशा तिघांच्या नावानं. वूफर आणि ट्वीटर दोन्ही केफ कंपनीचे, दुकानात मिळणाऱ्या जातीचे. खोकं १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायचं. ट्वीटरभोवती जाड नमद्याच्या पट्ट्या, कारण फळीच्या कडेवर आपटून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळला की अक्षरं खरखरीत होतात. यातलं काहीच मौल्यवान नाही.

पण क्रॉसओव्हर बघावा.

एवढ्याशा खोक्यात एवढा विचार करून केलेला क्रॉसओव्हर मी दुसरा पाहिलेला नाही. वूफरचा आवाज जिथे फुगतो तिथे तो दाबून बसवलेला. फळी लहान पडल्यामुळे जे बिघडतं त्याची भरपाई त्यातच केलेली. आणि ट्वीटरचा जोर जुळवायला एक वेटोळं, ज्याला ठिकठिकाणी फाटे काढलेले आहेत. कारखान्यात ट्वीटर बनतात ते सगळे सारखे बनत नाहीत, एखादा जरा मोठ्यानं बोलतो, एखादा हळू. म्हणून बनवणाऱ्यानं तो वूफर आणि तो ट्वीटर मोजायचा आणि त्या जोडीला जुळेल त्या फाट्यावर तार जोडायची. डकवून मोकळं व्हायची सोय नाही. रॉजर्स, स्पेंडर, चार्टवेल, हार्बेथ अशा परवाना घेतलेल्या कंपन्यांना बीबीसीच्या मोजमापात बसेल असाच स्पीकर बनवावा लागे. पुढे वूफरच्या घडणीत फरक पडत गेले तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केफनं क्रॉसओव्हर नव्यानं बांधला. जुना १५ ओहमचा, नवा ११ ओहमचा. कोणता चांगला यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. मला त्या भांडणात एक दिलासा दिसतो. भागांच्या किमतीवर कुणी भांडत नाही, सगळं भांडण सांधा कुणी जास्त चांगला जुळवला याचं आहे.

मिरजेत जवारी काढताना पाहिलंय ज्यांनी, त्यांना ही गोष्ट फार समजवावी लागणार नाही. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत कानस. कारागीर किती वेळा असं करणार हे त्याला आधी ठाऊक नसतं. लाकूड तेच असतं, तार तीच असते. तानपुऱ्याची किंमत त्या परतपरत ऐकण्यात जाते. क्रॉसओव्हर जुळवणारा माणूसही ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टर अर्ध्या ओहमनं बदलतो आणि ओळखीचा गळा पुन्हा लावतो. अर्धा ओहम वाढवला की 'स' मागे सरकतो, कमी केला की दातांवर येतो.

गणिताच्या बाजूनं या कामात एका माणसाचं नाव मला नेहमी आदरानं आठवतं. सिगफ्रीड लिंकविट्झ. जन्म जर्मनीचा, नोकरी कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये, तीही विजेची मोजमापं करणारी यंत्रं घडवण्याची. स्पीकर हा त्याचा नाद. त्यानं १९७६ साली एक निबंध लिहिला आणि रस राइली या सहकाऱ्याच्या कल्पनेवरून जो फिल्टर त्यात मांडला तो दोघांच्या नावानं आजही वापरला जातो. त्याला खटकलं ते साधं होतं. ट्वीटर आणि वूफर एकाच जागी नसतात, एक वर असतो, एक खाली. सांध्याच्या सुरावर दोघंही गातात, आणि दोघांची लय जर जुळली नाही तर आवाज समोर न येता वर किंवा खाली झुकतो. त्याच्या फिल्टरमध्ये सांध्यावर दोघंही ६ डेसिबलनं खाली असतात आणि दोघांची लाट एकाच वेळी उठते, म्हणून बेरीज सपाट येते आणि झोत सरळ समोर राहतो. दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत दोघं फार वेळ रेंगाळत नाहीत. हे जमलंय की नाही ते तपासायची एक युक्ती मला फार आवडते. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या. सांधा खरोखर जुळलेला असेल तर आता दोघं एकमेकांना पुसून टाकतील आणि आलेखात त्या जागी विहिरीसारखा खोल खड्डा पडेल. खड्डा जितका खोल, तितकी सरळ जोडणी निर्दोष.

आपल्या घरांत या झोताला वेगळंच महत्त्व आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ३००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ११ सेंटीमीटरच्या थोडी वर. ट्वीटर आणि वूफर यांच्यापासून कानापर्यंतच्या अंतरात त्याच्या निम्म्यानं, म्हणजे सहा सेंटीमीटरहूनही कमी फरक पडला की सांध्यावरचे सूर एकमेकांना खाऊ लागतात. स्पीकर बनवणारा धरून चालतो की ऐकणारा खुर्चीत बसलाय, कान ट्वीटरच्या उंचीवर. आपण गाणं ऐकायला गादीवर बसतो, लोडाला टेकतो. काकांकडे मी जमिनीवर बसले की तानपुरा नेहमीच जरा कोमट लागायचा आणि कोचावर बसले की खुलायचा. जमिनीवरून ऐकायचंच असेल तर स्पीकर किंचित पुढे कलवावा, झोत खाली आणावा. दुकानात ऐकायला जाल तेव्हा घरी जसे बसता तसेच बसा, संकोच करू नका.

काकांच्या बोर्डाकडे परत येते. पहिल्या रागात मला तो बोर्ड गरीब वाटला होता, पण मेकॅनिकांनी तो उजेडात धरला आणि बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी बघतच राहिले. "ताई, कॉइली बघा कशा बसवल्यात. ही उभी, ही आडवी, ही तिकडे लांब." दोन कॉइली शेजारी एकाच दिशेनं ठेवल्या तर एकीचं चुंबकत्व दुसरीत उतरतं आणि वूफरचा आवाज गुपचूप ट्वीटरच्या वाटेत शिरतो. इथे प्रत्येक कॉइल दुसरीला काटकोनात होती. ट्वीटरच्या बाजूला हवेवर गुंडाळलेली कॉइल, लोखंड नाही. वूफरच्या शंकूची थरथर शांत करायला एक वेगळा छोटा फाटा, कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर असा. तो नसता तर बोर्ड आणखी स्वस्त झाला असता आणि दुकानात पाच मिनिटं ऐकून कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ज्यानं हे आखलं त्यानं रात्री जागवल्या होत्या. तो माणूस मला त्या बोर्डात स्पष्ट दिसत होता.

मग मेकॅनिकांनी मीटर लावला. ट्वीटरच्या वाटेतला मुख्य कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक होता, दोन्ही बाजूंनी चालणारा नॉन-पोलर जातीचा. आत धातूचे पापुद्रे आणि द्रावात भिजलेला कागद. वर्षं जातात तसा द्राव सुकतो आणि कपॅसिटरचा स्वतःचा अडसर वाढत जातो, म्हणजे ट्वीटरच्या वाटेत कुणी हळूहळू रेझिस्टर वाढवत न्यावा तसं. डावीकडचा सुकला होता. पण मला जास्त लागलं ते पुढचं. त्यांनी उजवा स्पीकरही उघडला. त्यातला कपॅसिटर ठणठणीत होता, तरी त्याच्या अंगावर छापलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा यांत चांगलं अंतर होतं. या जातीत १० टक्के इकडेतिकडे चालतं, कधी त्याहून जास्तही. म्हणजे ही जोडी नवी असतानाही जुळी असायची काही खात्री नव्हती. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा साधा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर, ५ टक्क्यांच्या आतला, सुकायचा प्रश्नच नसलेला, तिथे बसवायला किती जास्त लागले असते? दोन्ही स्पीकर मिळून काहीशे रुपये. बोर्डावर त्याच्यासाठी जागासुद्धा होती. आखणाऱ्यानं मोठ्या कपॅसिटरला पुरेल एवढी जागा सोडली होती, जास्तीची भोकं पाडून ठेवली होती. त्या मोकळ्या जागेत हा बारीक, स्वस्त कपॅसिटर पाय फाकवून उभा होता.

त्या दोन रिकाम्या भोकांनी मला सगळं सांगितलं. एकाच खोक्यात दोन माणसं होती. एक जुळवणारा, एक खरेदी करणारा. पहिल्यानं जे मिळवलं ते दुसऱ्यानं पै-पैचा हिशेब करून थोडं थोडं परत घेतलं, आणि अशा किमतीच्या वस्तूत घेतलं. मला राग आहे तो याचा. एलएस ३/५ए महाग भागांनी बनलेला नव्हता, पण तिथे जुळवणाऱ्याचा शब्द शेवटचा होता. मोजमाप चुकलं तर माल परत. मी महाग स्पीकरकडून हेच मागते.

मेकॅनिकांनी दोन्हीकडचे कपॅसिटर बदलले, नवे आधी मीटरवर एकमेकांशी जुळवून घेतले. राळेचा धूर अक्रोडाच्या पॉलिशच्या वासात मिसळला. मग त्यांनी पिशवीतून दोन छोटे रेझिस्टर काढले, अर्ध्या ओहमचे, आणि कपॅसिटरच्या ओळीत टाकले. मी विचारलं, हे का? "जुन्यात जरा अडसर असायचा ना ताई. कंपनीनं तो धरून ट्वीटर जुळवलाय. नव्यात तो नाहीच. तसाच लावला तर वरचे सूर टोचतील." हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. महागडा भाग बसवून घेतला आणि "केवढा उजेड पडला!" म्हणून खूश झालेले कितीतरी लोक मला भेटलेत. तो उजेड पुष्कळदा या हरवलेल्या अर्ध्या ओहमचा असतो, आणि काही आठवड्यांनी कानाला त्याचाच त्रास होऊ लागतो.

भागांच्या या भक्तीबद्दल माझं मन एकसारखं नाही. कोलोनच्या मुंडॉर्फसारखे लोक चांदी-सोनं आणि तेल घातलेले कपॅसिटर बनवतात, एकेकाची किंमत हजारो रुपये. हातात घेतला की जड, गुळगुळीत, देखणा. वस्तू नीट बनवण्याची ती आवड मला मनापासून भावते. पण चांगला साधा पॉलिप्रॉपिलीन आणि हा, दोन्ही मीटरवर नेमके जुळवून घेतले तर मला फरक ऐकू आलेला नाही. इलेक्ट्रोलायटिक आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्यातला फरक खरा आहे, मोजता येतो, वयाबरोबर वाढतो. त्याच्या वरचं सगळं, माझ्या मते, इतर सगळी कामं पुरी झाल्यावरचं आहे. आणि इतर कामं फार आहेत. व्हॉइस कॉइलचंच घ्या, म्हणजे शंकू हलवणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्याचं. तांबं तापलं की दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी त्याचा विरोध वाढतो. जोरात वाजवताना वेटोळं १०० अंशांनी तापलं तर ६ ओहमचे ८ ओहमच्या वर होतात. क्रॉसओव्हर जुळवला होता ६ला, आता समोर ८ आहेत. कपॅसिटर एक टक्क्यात अचूक असून तिथे काय करणार? ती उष्णता बाहेर काढणारी रचना, मोठं वेटोळं, हे पैसे खर्च करण्याचं जास्त योग्य ठिकाण. कॉइलच्या बाबतीतही तसंच. वूफरच्या वाटेत जाड तारेची कॉइल हवी, कारण बारीक तार ॲम्प्लिफायरची पकड सैल करते. लोखंडाचा गाभा घातला तर तांबं कमी लागतं, पण गाभा पुरेसा मोठा नसेल तर जोरकस डग्ग्यावर, पखवाजाच्या थापेवर तो भरून जातो आणि थाप बसकी येते. इथे पैसा थेट ऐकू येतो.

मोठ्या नावांनी याची वेगवेगळी उत्तरं काढली. अमेरिकेत केंटकीमध्ये जिम थील सगळ्यात सौम्य, दर सप्तकाला ६ डेसिबलच्या उताराच्या मागे लागला होता, कारण त्यात लाटेची वेळ बिघडत नाही. पण सौम्य उतार म्हणजे प्रत्येक शंकूला त्याच्या हद्दीच्या बाहेर दूरवर गाणं आलं, आणि तिथली त्याची प्रत्येक खोड दुरुस्त करणं आलं. म्हणून नावाला सगळ्यात साधा असलेला त्याचा क्रॉसओव्हर प्रत्यक्षात भागांनी गच्च भरलेला असे. यूटामधली विल्सन ऑडिओ आपले क्रॉसओव्हर राळेच्या घट्ट लगद्यात बुडवून टाकते, थरथर नको म्हणून. मात्र जोर जुळवणारे रेझिस्टर मागे हाताला येतील असे ठेवते. बदलताही येतात, आणि फारच ताण आला तर तेच जळून ट्वीटरला वाचवतात. ती दुसरी गोष्ट मला पटते. पहिलीबद्दल मी साशंक आहे. लगद्यात बुडवलेलं उद्या तपकीर गल्लीत कसं उघडणार? आणि लिंकविट्झ स्वतः, २०१८ साली गेला तोवर, सांगत राहिला की वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच करा, प्रत्येक शंकूला स्वतःचा ॲम्प्लिफायर द्या. फिनलंडची जेनेलेक १९७८पासून स्टुडिओंसाठी असेच स्पीकर बनवते, आणि तुम्ही-आम्ही ऐकतो त्यातलं पुष्कळसं ध्वनिमुद्रण अशाच स्पीकरांवर तपासलेलं असतं. तांत्रिक बाजूनं त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. पण घरी ऐकणाऱ्याला आपला ॲम्प्लिफायर आपण निवडायचा असतो, त्यात त्याचा जीव असतो, आणि तो हिरवा बोर्ड अजून काही वर्षं कापसामागे राहणार.

मग निदान तो दाखवा तरी. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत पुष्कळदा आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. घड्या पडलेला, पिवळा, पण प्रत्येक भागाची किंमत लिहिलेला, म्हणजे पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागू नये. आज मोटारीच्या किमतीच्या स्पीकरबरोबर पांढरे हातमोजे येतात, तो कागद येत नाही. हल्ली स्पीकर ऐकायला गेले की मी तीन गोष्टी विचारते. ट्वीटरच्या वाटेत कोणत्या जातीचा कपॅसिटर आहे, डावा-उजवा एकमेकांशी किती डेसिबलच्या आत जुळवलेत, आणि वीस वर्षांनी बोर्ड बाहेर काढता येईल का. दुकानातल्या मुलांना हे प्रश्न नवे असतात, पण ती वाईट वागत नाहीत. मुंबईत एका मुलानं माझ्यासमोरच कंपनीला मेल लिहिली. आठवड्याभरात त्या जोडीचे, त्याच क्रमांकांच्या जोडीचे, दोन आलेख आले, एकावर एक ठेवलेले. सांध्याच्या जागी दोन्ही रेषा अर्ध्या डेसिबलच्या आत होत्या. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा, बोर्ड स्क्रूवर बसवलेला, असंही लिहिलं होतं. सर्किटचा कागद मात्र देता येणार नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. मी त्यांना पुन्हा लिहिलं आहे.